पांढऱ्या मळ्यातले काळे डाग

लढाईच्या दिवसांत सरकार लेव्ही म्हणून घरातली ज्वारी उचलून नेत होतं. अशात लष्कराच्या फोटोखात्यातला मोझेस रजेवर सोनईला आला आणि टेकडीवर चढून घरच्या मळ्याचाच फोटो काढून आला. हन्नाबाईच्या मनात पाल चुकचुकली. पोर पोटचं खरं, पण पगार सरकारचा.

"असल्या धुरकट हवेत काय दिसनार हाय रं तुला?"

"ही इन्फ्रारेड फिलम हाय, आई. डोळ्याला न दिसनारा उजेड धुरकटातनं बी टिपती. फिकं चित्र औषधात जास्त येळ ठिवलं, की काळं-पांढरं येगळं हुतं."

अंधाऱ्या खोलीतून त्यानं ओला फोटो बाहेर आणला. ऊस, बाभळी, सगळा मळा दुधासारखा पांढरा.

"माझ्या केसांवानी झाडं पिकवलीस की!"

"जिता पाला पांढरा येतो. तोडून टाकलेला डोळ्याला हिरवा दिसला तरी काळा. लष्करात असंच लपलेलं हुडकत्यात. म्हून सांगतो, पेवातली ज्वारी देऊन टाक."

"तुझा बाप बी रोज हेच सांगतो. लपवू नका, देवाला समदं दिसतं म्हनं."

तिनं फोटो डोळ्यांजवळ धरला. जमिनीत पुरलेल्या पेवाचं तोंड झाकायला तिनंच निंबाचे डहाळे पसरले होते, तिथं काळा डाग होता. मग तिचं बोट सरकलं आणि थबकलं.

"ह्यो बाभळीखालचा माझा. मग इहिरीमागचा कुनाचा?"

ओसरीवर मोठ्यानं पवित्र शास्त्र वाचणाऱ्या तिच्या नवऱ्याचा, फिलिपचा, आवाज मधेच बंद पडला.