कोरा चेहरा

दगडूचा ठोसा लवूच्या कानाशेजारून गेला आणि हवेला लागला. परळच्या मैदानात जमलेल्या लोकांनी श्वास रोखला. दगडूच्या खांद्याचं काय झालं ते दगडूलाच ठाऊक.

कामगार अजिंक्यपदाच्या सामन्याची शेवटची फेरी चालू होती, आणि लवूच्या तोंडाला अजून कोणी शिवलं नव्हतं. त्याला शिवून घ्यायचंच नव्हतं. उद्या माझगावहून अंबिकेची माणसं त्याला पाहायला येणार होती. अंबिकेला त्याने एका लग्नात पंगतीत वाढताना पाहिलं होतं, तेव्हापासून त्याची भूक निम्म्यावर आली होती. निघताना आईने, जाईबाईने, बजावलं होतं, "थोबाडार एक ओरखडो दिसलो तर घरात घेवचंय नाय." मारामाऱ्या करणाऱ्याला पोरगी कोण देणार, हा तिचा साधा हिशेब.

तेव्हा लवू वाकला, सरकला, दोराला टेकला आणि ऐन वेळी निसटला. दगडू शीव कोळीवाड्याचा, होड्या ओढून पोसलेला हात. तो एकदा बसला असता तर उद्या पाहुण्यांना नवरा मुलगा कुठला ते विचारत बसावं लागलं असतं. मधूनच लवू डावा हात पुढे करी, पोस्टमनने कडी वाजवावी तसा, आणि दगडू दार उघडेपर्यंत पसार होई. मागून कोणीतरी विचारलं, मारतोयस की फुगडी घालतोयस. कोपऱ्यात उस्ताद शामराव मात्र खुशीत होते. असला बचाव त्यांनी लवूला कधीच शिकवला नव्हता. पण आपणच शिकवला असं सांगायचं त्यांचं आत्ताच ठरलं होतं.

घंटा झाली. पंचांनी लवूचा हात वर केला. दगडू आपल्याच ठोशांनी दमून बाकावर जाऊन बसला.

लवू दोरांतून खाली उतरतो तोच डोक्याला पट्टी बांधलेले एक गृहस्थ पुढे झाले. अंबिकेचे वडील, सीताराम. रीतसर पाहायला जाण्याआधी मुलगा गुपचूप पाहून ठेवावा, म्हणून आले होते. त्यांनी लवूची हनुवटी धरली आणि पापलेट उलटून पाहावं तसे त्याचे दोन्ही गाल दिव्याखाली पाहिले.

"मोर्चाला जातोस?"

"सगळ्यांना. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा म्हटला की पुढच्या रांगेत."

"मग लाठी?"

"लागूच दिली नाही," लवू छाती काढून म्हणाला.

सीतारामांनी स्वतःच्या पट्टीवरून हात फिरवला. त्यांच्या भावाचा हात अजून गळ्यात होता, आणि शेजाऱ्याचे पुढचे दात मागच्याच मोर्चात गेले होते.

"आमच्या चाळीत एक गडी असा कोरा नाही बाबा. तुला मांडवात उभा केला तर लोक म्हणतील, जावई मोर्चाच्या दिवशी खाटेखाली होता. उद्या यायचं की नाही, बघतो."

लवूने मागे वळून पाहिलं. दगडू दातांनी हातमोज्याची गाठ सोडत होता.

"दगडू," लवू त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "एवढ्यात सोडू नको रे."