खाली मान

पोतं अंगणात टेकवून सूनबाई घामाघूम होऊन आत आली. "झालं बाबा. एकूण एक उपटली."

प्लास्टरातला पाय स्टुलावर ठेवून मास्तर सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसले होते. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेलेली. टेकडीमागच्या उतारावरची रानलिली म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण. आसपास दुसरीकडे ती उरलीच नव्हती. यंदा तिच्यात कुणाच्या तरी बागेतली लिली घुसली आणि नेमका आत्ताच मास्तरांचा पाय मोडला. पाय बरा होईल म्हणून पंधरा दिवस वाट पाहिली. शेवटी नाइलाजाने सुनेला धाडलं.

पानांची ठेवण, पाकळ्यांवरचे ठिपके, सगळं तिच्या डोक्यावरून जाणार, म्हणून त्यांनी एकच खूण सांगितली होती. खाली मान घातलेली ती आपली. मान वर केलेली ती परकी. ती उपटायची आणि पुन्हा फुटू नये म्हणून जमिनीतला तिचा कांदाही ठेचायचा.

"बघू एक."

तिने पोत्यातला एक दांडा त्यांच्या हातात दिला. पानं खोडाभोवती गोल फेर धरून बसलेली. टोकाला फूल नव्हतं. ताठ उभी हिरवी बोंडं होती.

मास्तरांनी पानं ओळखली, ही रानलिलीच होती. रानलिलीचं फूल गळून बी धरलं, की तिची मान आपोआप वर होते. वर्गात हे त्यांनी शंभरदा फळ्यावर काढून दाखवलं होतं. सुनेला सांगायचं मात्र राहून गेलं.

त्यांनी नखाने बोंड उकललं. आत कोवळं, पांढरट, पाणीदार बी, पेरूनही न रुजणारं.

"अशा किती होत्या गं?"

"बऱ्याच. फुलं नसली तरी मी मान बघूनच उपटल्या."

"आणि कांदे?"

"ठेचले ना! एकही सोडला नाही." तिने तळहात पुढे केले. दोन्ही सोलवटले होते. "चुकलं का काही?"

मास्तरांना रडावं की ओरडावं कळेना.

"तुझं नाही," ते कसंबसं म्हणाले.

"काहींची पानं जरा वेगळी वाटली हो, खोडाभोवती गोल गोल," ती हात धुता धुता म्हणाली. "फोन करणार होते तुम्हाला. पण तुम्हीच बजावलं होतं ना, तिथे आपलं डोकं चालवू नकोस म्हणून."

मास्तरांची मान खाली गेली.