खाट चौदा

चार वाजून गेले तरी फोन वाजला नाही.

राखीव अँटिबायोटिक कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे जंतुशास्त्र विभागाच्या बाईंच्या होकारावर ठरे. म्हणून अख्खं हॉस्पिटल त्यांना 'नाहीबाई' म्हणे. ही औषधं जपून वापरली नाहीत तर उद्या जंतू त्यांना भीक घालणार नाहीत, हे सगळ्या डॉक्टरांना पटे. फक्त स्वतःच्या पेशंटच्या वेळी पटत नसे. कॅन्टीनमध्ये बाईंच्या टेबलाकडे कुणी फिरकत नसे.

अपवाद एकच, चौथ्या मजल्यावरचे डॉक्टर. तेही फोनवरच. रोज चारला ते कुणासाठी तरी औषध मागत. बाई नाही म्हणाल्या की हसून म्हणत, "बरं बाई, नाही तर नाही." मग दहा मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा. इतका मुरलेला माणूस जंतू ओळखायला लागणारं कल्चर पाठवायला रोज कसा विसरतो, याचं बाईंना नवल वाटे. मागे कधीकधी कुकरसारखी शिट्टी व्हायची. वॉर्डात उपकरणं उकळत असतील, असं त्या धरून चालल्या होत्या. त्या दहा मिनिटांवर बाईंचा दिवस निघायचा.

कालचा फोन मात्र आटोपता होता.

"खाट चौदा. वय एकसष्ट. चार दिवस ताप, आता धाप लागतेय."

"कल्चर?"

"नाही पाठवलं. एकटाच आहे हो, बघणारं कुणी नाही."

"त्याचा औषधाशी काय संबंध? आधी तपासण्या करा, साधं औषध सुरू करा. उद्या बोलू."

"बरं बाई. नाही तर नाही."

हसले नव्हते ते.

साडेचार झाले. आपल्या 'नाही'पायी माणूस गेला की काय? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाई चार मजले चढून वॉर्डात गेल्या.

सिस्टर फायली लावत होत्या.

"खाट चौदाचा पेशंट कसा आहे?"

"चौदा? आमच्याकडे बाराच खाटा आहेत, मॅडम."

बाईंनी मोजल्या. बाराच होत्या.

"मग डॉक्टरांना बोलवा. काल त्यांनीच फोन केला होता मला."

सिस्टर बघतच राहिल्या. "ते तर गेल्या वर्षीच निवृत्त झाले. निरोपाला सगळं हॉस्पिटल लोटलं होतं. तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं?"

बाईंनी खाटा पुन्हा एकदा मोजल्या.

"भला माणूस," सिस्टर म्हणाल्या. "बायको गेल्यापासून घरी एकटेच असतात."