बियाण्याच्या खोलीतला जावई

भर दुपारी एनेइदा वाफ्यांतून घरी आली तेव्हा तिची आई चुलीपाशी उभी राहून कॉफी गाळत होती. तिची काठी कोपऱ्यात पडली होती.

"बघ ताई, म्हातारीला पंख फुटले!" झुलत्या खुर्चीतून ओस्मानी म्हणाला. हा तिचा धाकटा भाऊ. हवानात ट्रक चालवायचा आणि सुटीला बहिणीकडे आला होता. "डॉक्टरांनी हात टेकले, आणि माहा अजगराच्या चरबीनं चार रात्रींत पायावर उभी केली. आहे की नाही भाऊ कामाचा?"

एनेइदानं हातातलं गाजर मेजावर आपटलं. वर पाला हिरवागार, खाली अर्धं कुरतडलेलं.

"सगळा वाफा असाच झालाय. बीटसुद्धा सोडलं नाही मेल्या उंदरांनी."

"मग टाक की विष."

"ही भाजी पाळणाघरात जाते, गाढवा! पोरांच्या ताटात विष वाढू?"

मागच्या पावसाळ्यात पलीकडच्या वस्तीत उंदरांच्या मुतानं ताप पसरला होता. चार पोरं दवाखान्यात नेली, तीनच घरी आली. उद्या सकाळी भाजी न्यायला पाळणाघराची गाडी यायची होती.

"आणि आमचा जावई ऐन वेळी कुठं उलथलाय कोण जाणे," एनेइदा पुटपुटली.

"जावई? तुला मुलगी कधी झाली?"

आईला हसू आवरेना. "अरे, जावई म्हणजे माहा. तो अजगर रे, बियाण्याच्या खोलीत पोत्यांमागं असतो तो. गिळायचं आणि पसरायचं, म्हणून जावई! पण त्याच्या धाकानं एरवी उंदीर इकडं फिरकत नाहीत. तुझी ताई तर गप्पा मारते त्याच्याशी."

झुलती खुर्ची थांबली.

एनेइदानं भावाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"ओस्मानी, चरबी कुठून आणलीस?"

"तूच म्हणालीस ना ताई, आईचे हाल बघवत नाहीत, कुठूनही आण म्हणून..." त्यानं मान वर केली नाही. "कोयता घेऊन रानातच निघालो होतो. पोतं घ्यायला त्या खोलीत शिरलो, तर हा समोरच. अगदी जवळ गेलो तरी हलला नाही गं. मला वाटलं, नशीबच उघडलं."

"कशाला हलेल? त्याला वाटलं, मीच आले."

चार रात्री एनेइदानं स्वतःच्या हातांनी त्या चरबीनं आईचे गुडघे चोळले होते. साबणानं कितीदा धुतले तरी तळव्यांना तो वास होताच. आई खाली बसली आणि तिनं झग्याची किनार गुडघ्यांवर ओढून घेतली.

अंगणापलीकडे बियाण्याच्या खोलीचं दार उघडं होतं. आतून खुडबुड ऐकू आली. मग एक उंदीर उंबऱ्यावर आला आणि रखरखीत उन्हात निवांत बसला.

एनेइदानं जोरात पाय आपटला.

तो हलला नाही.