पाटावरची पावलं

गादीवर टाकलेल्या पाटावर स्वरूपा गुडघे वाकवून उभी होती. लाटेवर फळी घेऊन असंच उभं राहतात, म्हणे. शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली, की ती सातासमुद्रापलीकडच्या एका शहरात जाणार होती. सकाळी किनाऱ्यावरच्या कॅफेत बशा धुवायच्या, दुपारनंतर समुद्र. बरोबर द्यायला आईने कुरडयाही घातल्या होत्या.

तारीख ठरवायला कॅफेवाल्याचा फोन आला. "मेमध्ये आमच्याकडे थंडी असते, तेव्हा कॅफे बंदच. उन्हाळा डिसेंबरात, तेव्हा या."

स्वरूपा पाटावरच खाली बसली. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, हे सहा वर्षं ती सातवीला शिकवत आली होती. शिवाय सप्टेंबरात तिला तीस वर्षं पूर्ण होत होती, आणि त्या देशात अशा हंगामी कामाला तिशीच्या आतल्यांनाच घेत.

"काय म्हणाला गं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"डिसेंबरात ये म्हणाला."

"मग जा की डिसेंबरात. कुरडया वर्षभर टिकतात."

"हो," ती म्हणाली. पाटावर उमटलेली आपली पावलं तिने ओल्या फडक्याने पुसली आणि पाट जेवायला मांडला.