डाव्या चाकाचे बोल्ट

पुंजा आणि कुसाबाईचा मुलगा गोरक्ष वारला, तेव्हापासून एकलहऱ्याला कामगार सोडणारी त्याची जीप अंगणातच उभी होती. आज ती विकत न्यायला नांदगावचे शेट आले, तर डावं चाक पंक्चर. ते बदलायला पुंजाने पान्याला लांब पाइप लावला आणि अंगातला सगळा जोर दिला. काडकन बोल्ट तुटला. मग दुसरा. मग तिसरा.

कुसाबाई ओट्यावरून बघत होती. पाना भलत्याच बाजूला फिरत होता.

"अवं..." तिच्या तोंडून निघालंच. पुंजाने वर पाहिलं नाही.

मग तिला आठवलं. जीप घरी आली त्या दिवशी याच अंगणात पुंजाच लेकावर ओरडला होता, "आरं, डाव्या चाकाचे आटे उलटे असतात! नेहमीसारखा पाना फिरवशील तर बोल्ट तोडून ठेवशील."

चौथा बोल्ट तुटला.

"वहिनी, आता कशी न्यायची हो गाडी?" शेट वैतागले.

कुसाबाईने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"लय गंजलंय, भाऊ," ती म्हणाली. "नाय निघायचं ते चाक."