स्वच्छ धुऊन

"बाहुलीला वास येत नाही म्हणे!" दिराने लॅपटॉपसमोर मांडी ठोकली. "ऐकलंत का वहिनी? आता बाहुलीला वासही हवा लोकांना."

बाहुलीवालीने शिवणयंत्र थांबवलं. अपुऱ्या झालेल्या कपड्यांच्या बाहुल्या करून देणं हा तिचा धंदा. मुलं वाढतात, फ्रॉक आखूड होतात, पण टाकवत नाहीत. मग आया ते हिच्याकडे पाठवतात. दुकान म्हणजे घराची मागची खोली. गिऱ्हाइकं सगळी पडद्यावरची. शिवण आणि गिऱ्हाइकांशी बोलणं तिचं, हिशेब आणि बँकेचा पत्रव्यवहार दिराचा.

"तक्रार आलीय बँकेकडून," दीर म्हणाला. "बाईंना पैसे परत हवेत. बँकेने काढूनही घेतले आपल्या खात्यातून. आधी थोबाडीत मारायची, मग विचारायचं, दुखलं का."

यंदाची ही तिसरी तक्रार. आधीच्या दोन्ही वेळी कार्डं चोरीची निघाली होती. विक्रीला ठेवलेल्या तयार बाहुल्या मागवून चोर पसार झाले, मूळ मालकांना बँकेने पैसे परत केले आणि भुर्दंड हिच्या माथी आला. चोर सोडून संन्याशाला फाशी. वर कार्डाचे पैसे जमा करून देणाऱ्या कंपनीने बजावलं होतं, आणखी एक तक्रार हरलात तर खातं बंद. खातं बंद म्हणजे दुकान बंद, आणि घरात दुसरं मिळवतं कुणी नव्हतं.

"पण या वेळी नाही हरत," दीर म्हणाला. "दुधाने तोंड पोळलंय आपलं. सगळं जपून ठेवलंय मी."

त्याने एकेक पुरावा उघडला. आलेल्या पार्सलचा फोटो. पिवळा फ्रॉक, एकात एक दोन प्लास्टिकच्या पिशव्या, आणि गाठ इतकी करकचून मारलेली की तिला कात्री घ्यावी लागली होती. "सोनं बांधून पाठवलंय जणू," असं ती तेव्हा म्हणाली होती. आतला फ्रॉक मळका, गळ्याशी गुलाबी औषधाचा डाग. निदान धुऊन तरी पाठवावा, असं पुटपुटत तिने तो दोनदा धुतला होता. धुतल्याशिवाय कपड्याला कात्री लावायची नाही, हा तिचा नेम. गिऱ्हाइकं त्याचंच कौतुक करत.

"आणि हा हुकमी एक्का." दिराने निरोप दाखवले. बाहुली पोचल्यावर बाईंनी विचारलं होतं, 'न धुतलेला एखादा तुकडा उरलाय का?' त्यावर हिचं उत्तर, 'अगदी निश्चिंत राहा ताई. आम्ही एकही तुकडा न धुता वापरत नाही.' पुढे एक हसरा चेहरा.

त्यानंतर बाईंचा निरोप नव्हता.

"तक्रार काय आहे ती पूर्ण वाचा," ती म्हणाली.

"तेच ते. 'वस्तू अपेक्षेप्रमाणे नाही. बाहुलीला मुलीचा वास येत नाही.'" दीर खाली सरकला आणि त्याचा आवाज उतरला. "'घरात आता कशालाच येत नाही.'"

ती उठली. कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या पिशवीत तिने हात घातला आणि पिवळे तुकडे वेचून काढले. एकेक नाकाशी धरला. सगळ्यांना तिच्याच साबणाचा वास होता.

"मूल गेलंय हो तिचं, भावोजी."

दिराने तक्रारीखालची तारीख पाहिली. मग हळूच म्हणाला, "उत्तर आजच द्यायचंय. नाही दिलं तर हरलो."

तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"पाठवा," ती म्हणाली. "तेवढा तो हसरा चेहरा काढता येईल का?"

"पुराव्यात खाडाखोड चालत नाही, वहिनी."

ते जिंकले. बँकेने कळवलं, विक्रेत्याने स्वच्छतेची लेखी हमी दिली होती, तक्रार अमान्य. पैसे खात्यात परत आले, ते तिने त्याच दिवशी बाईंना पाठवायला लावले. चार दिवसांनी ते फिरून आले. बाईंनी कार्डच बंद केलं होतं. निरोप लिहायला ती दोनतीनदा बसली, पण 'ताई' या शब्दापुढे तिला जाता आलं नाही.

त्याच आठवड्यात एक निळा स्वेटर आला. इवलासा, कोपरावर विरलेला. तिने सवयीने बादली नळाखाली लावली, साबण घेतला आणि स्वेटर हातात धरून तशीच उभी राहिली. बादली भरून वाहू लागली. शेवटी तिने नळ बंद केला आणि पार्सलवरचा नंबर फिरवला.

"ताई, स्वेटर मिळाला. एक विचारायचं होतं. धुऊ ना?"

"अहो, हे काय विचारणं झालं?" पलीकडची बाई हसली. "धुवाच की! चिखलात लोळायचा तो घालून."

"मागे कोण ओरडतंय?"

"तोच. स्वेटरवाला. ऐकतो का कुणाचं!"

तो आणखी एकदा ओरडेपर्यंत तिने फोन कानाशी धरून ठेवला. मग स्वेटर पाण्यात बुडवला.